पाचशे घोडे, मधे पत्रा

१७ नोव्हेंबर

ही डायरी खताच्या दुकानातून फुकट मिळालेली. दर पानाच्या तळाशी शेतकऱ्यांसाठी एक सल्ला छापलाय. आजचा सल्ला, तुरीवर अळी दिसते का पाहा. माझ्याकडे तूर नाही. अळी आहे, ती पत्र्यापलीकडे राहते. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

आज भारतदादा स्वतः गॅरेजवर आले. भारतदादा म्हणजे भावी जिल्हा परिषद सदस्य. गेली चार वर्षं ते भावीच आहेत आणि बार्शी रोडच्या प्रत्येक खांबावर आहेत. त्यांच्या मागून टेम्पोत एक पांढरी जपानी गाडी आली, मित्सुबिशी इव्हो. आधीच्या मालकानं तेल न बघता पळवून इंजिन फोडलेलं. पुण्यात म्हणे चार महिने मागितले, आणि दादांना थांबायची सवय नाही. ११ जानेवारीला त्यांचा वाढदिवस, १८ला पुण्यापलीकडे एका धावपट्टीवर चारशे मीटरची सरळ शर्यत.

"मिस्त्री, कंपनीनं तीनशे घोडे दिलेत. मला पाचशे पायजेत. जमंल का?"

घोडे म्हणजे हॉर्सपॉवर. मी म्हणालो, जमेल. ते गेल्यावर अर्धा तास मी गाडीभोवती फिरत होतो. आजवर मी जिपा केल्या, ट्रॅक्टर केले, बोलेरो तर डोळे झाकून केल्या. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, मला नवा नाही. पण दिवसभर वऱ्हाड वाहणारा टर्बो वेगळा आणि पाच सेकंदांत शंभरावर नेणारा वेगळा.

तरी करणार, आणि एकट्यानं करणार. हे मुद्दाम लिहून ठेवतो. कारण बीडमधे सगळ्यांना वाटतं की हात अल्ताफचा असला तरी डोकं अबरारचं होतं. अबरार म्हणजे माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी ट्रॅक्टर ओढायच्या स्पर्धेत आमचं इंजिन पहिलं आलं. पेपरात फोटो छापून आला, त्यात मी एकटा होतो. यात माझा काय दोष? फोटोवाला आला तेव्हा अबरार ट्रॅक्टरखाली होता. त्यानं बाहेर यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मधोमध पत्रा उभा राहिला. तेव्हापासून अबोला.

आता हे इंजिन उभं राहिलं की लोकांची तोंडं बंद होतील. कोणीतरी व्हिडिओही करेलच.

२२ नोव्हेंबर

वाटणीत टॉर्क रेंच माझ्याकडे आला आणि बोर गेज त्याच्याकडे गेला. रेंचनं बोल्ट मापात आवळायचा, गेजनं सिलिंडर मापायचा. इंजिनाला दोन्ही लागतात, हे वाटणी करणाऱ्या मामांना कोण सांगणार? म्हणून सहा वर्षं ही दोन हत्यारं अम्माच्या भाजीच्या पिशवीतून पत्रा ओलांडतात. अम्मा एक महिना माझ्याकडे जेवते, एक महिना त्याच्याकडे. मी तिला म्हणतो, गेज लागतंय, पण मी मागितलं म्हणू नकोस. ती पलीकडे जाते आणि अल्ताफनं मागितलंय म्हणून सांगते. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. पण अबोला म्हणजे अबोला.

आज गेज आलं, मेथीच्या जुडीखालून. डबी उघडली तर आत तेल लावून, मऊ कापडात गुंडाळून ठेवलेलं. शिवाय या इंजिनाच्या मापावर आधीच लावून दिलेलं. कोणत्या गाडीचं काम आहे हे मी अम्माला सांगितलंही नव्हतं. काही लोकांना दाखवेगिरीची हौस असते.

४ डिसेंबर

पिस्टन आले. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले आहेत, हातात घेतले की जड दागिना घेतल्यासारखं वाटतं. शाईस्ताला दाखवले. बायको म्हणून तिनं थोडं कौतुक करावं अशी अपेक्षा होती. ती म्हणाली, चकलीच्या सोऱ्याला बसतील.

अबरारच्या बोलण्याची एक रीत आहे. आमच्याकडे अबोला धरलेली सगळीच माणसं अशी बोलतात. ज्याला ऐकवायचं त्याच्याकडे बघायचं नाही, शेजारच्याशी बोलायचं, फक्त आवाज लांबच्या मापाचा ठेवायचा. यासाठी अबरारनं चौसाळ्याचे बबनराव ठेवलेत. त्यांची बोलेरो दर आठवड्याला बिघडते, म्हणजे तेही कायम हजर असतात. आज मी पुस्तकात बघून पिस्टनवर रिंगा चढवत होतो, तर पलीकडून सुरू झालं.

"बबनराव, ह्या टर्बोच्या गाडीत रिंग तापली की लांबती. तिच्या दोन टोकांत फट कंपनीएवढीच ठिवली तर टोकं भिडत्यात, अन् पिस्टनच फुटतो. लोकं पुस्तक वाचत्यात, इंजिन वाचत न्हाईत."

बबनरावांनी घाबरून विचारलं, "माझ्या बोलेरोचीबी भिडली का काय?"

"तुमच्या बोलेरोला काय धाड भरलीय."

शुद्ध मत्सर. दुसऱ्याच्या दारात जपानी गाडी बघवत नाही. मी तिकडे लक्ष दिलं नाही. दुपारी रिंगा काढून फट वाढवून घेतली, कारण सकाळपासून माझ्याही डोक्यात तेच होतं. शाईस्ता चहा घेऊन आली. तिनं विचारलं, डोक्यात होतं तर सकाळी आठ रिंगा चढवल्या कावून? बायकांना विचारायची वेळ कळत नाही.

१८ डिसेंबर

इंजिन सुरू झालं.

भारतदादा आले, त्यांचा उजवा हात बंकट आला, आणि बंकटची तीस पोरं आली. नारळ फुटला. दुसऱ्या चावीला इंजिन धरलं. तो आवाज पोटात जाऊन बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी धुराचं कारण सांगितलं. कारण पटण्यासारखं होतं, धूर खरंच फार होता. निळा. टर्बोतून तेल गळून जळत होतं. बंकट म्हणाला, "रंगीत धूर! लई भारी केलं, मिस्त्री." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान हलवली. धूर मुद्दाम केलाय असंच सगळ्यांना वाटलं आणि मी वाटू दिलं.

२१ डिसेंबर

तीन दिवस झाले, निळा धूर जात नाही. टर्बो दोनदा उतरवला. झोप उडाली. हे पाचशे घोडे मला झेपणार नाहीत, हे इथे लिहितो, बाहेर कोणाला सांगणार नाही.

पलीकडे बबनरावांची शिकवणी चालू होती. गच्चीवरचं पाणी खाली कसं येतं? पाइपानं. पाइप मधेच वर उचलला तर? तुंबंल की. मग तेलाला काय पंख फुटलेत का?

बबनराव म्हणाले, त्यांच्या घरावर गच्ची नाही, पत्रे आहेत.

मी उगाच गाडीखाली जाऊन पडलो. पडल्या पडल्या सुचलं. टर्बोतलं तेल खाली परत नेणारा पाइप मी दिसायला छान म्हणून वळसा देऊन बसवला होता, आणि वळशात तो वर चढत होता. सरळ उताराचा केला. धूर गेला. असं एकांतात पडलं की डोकं चालतं.

२९ डिसेंबर

पुण्याचा लॅपटॉपवाला येऊन गेला. तो गाडीला वायर जोडतो, इंजिनाला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी हे लॅपटॉपवरून ठरवतो. हाताला काळं लागलेलं नाही, नखं बायकांसारखी. सकाळी चौसाळ्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर गाडी ओढली. तिसऱ्या गिअरला माझी पाठ सीटमधे रुतली आणि तोंडून आपोआप कलमा निघाला. तो म्हणाला, चारशे ऐंशीच्या आसपास असतील. मी दादांना पाचशे सांगितले. वीस घोडे इकडे तिकडे कोण मोजतंय.

परत आलो तेव्हा अबरार त्याच्या दारात उभा होता. गाडीचा आवाज ऐकत होता, डोळे मिटून. मी दिसताच आत गेला. जळला असणार.

९ जानेवारी

डायरी डिसेंबरला संपली. मागच्या जानेवारीची पानं कोरीच होती, वार बदलून तीच वापरतो.

बंकट फ्लेक्स घेऊन आला. परवाच्या मिरवणुकीत गाडीच्या नाकावर लावायचाय. पूर्ण रुंदीचा, बॉनेटपासून खाली बंपरपर्यंत. दादांचा हात जोडलेला चेहरा चार फुटांचा. 'भावी' हा शब्द या वेळी लहान अक्षरांत घेतलाय. आणि खाली कोपऱ्यात, खरं सांगतो, मी दोनदा वाचलं. खाली माझा फोटो. 'इंजिन निर्माते, अल्ताफ मिस्त्री.' चार इंचांचा आहे, पण स्पष्ट आहे.

बंकटनं तारांनी ताणून बसवून बघितला. जाळी, रेडिएटर, त्यापुढचा टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर, सगळं झाकलं गेलं. माझ्या मनात एकदा आलं. पण बंकटला म्हणालो, थोडा उजवीकडे घे, माझा कान दुमडतोय.

पलीकडून लगेच आवाज. आज फार मोठा.

"बबनराव, माणसाच्या नाकातोंडावर उशी दाबली तर किती येळ जगंल?"

बबनराव म्हणाले, असलं अभद्र कशाला बोलता.

सख्खा भाऊ, आणि माझ्या मोठेपणाच्या दिवशी तोंडात मरणाची भाषा. शाईस्ताला सांगितलं. ती म्हणाली, ते तुमच्याबद्दल बोलत नसतील. मग कोणाबद्दल? तिनं गाडीकडे बघितलं आणि आत गेली.

११ जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मिरवणूक बार्शी नाक्यावरून निघाली. पुढे डीजे, दोन जेसीबी वरून फुलं टाकणारे, मधे इव्हो. दादा चालवत होते, शेजारी मी. वेग माणूस चालतो तेवढा. झेंडूचे हार फ्लेक्सवर चढत होते. दर चौकात दादा गाडी उभी करून ॲक्सिलरेटर दाबायचे, कारण सायलेन्सरमधून फटाक्यासारखा आवाज निघाला की पोरं नाचायची.

तापमानाचा वेगळा काटा मी डॅशवर बसवलाय. नव्वद होता. दुसऱ्या चौकात शंभर, फ्लेक्समुळे रेडिएटरला हवाच मिळत नव्हती. मी दादांना म्हणालो, जरा बंद करू. ते लोकांना हात करत होते. एकशे सहा. एकशे दहा. या इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं आहे, अजून दहा मिनिटांत वाकलं असतं आणि दोन महिने मातीत गेले असते. माझ्या खिशात पक्कड होती. खाली उतरून दोन तारा तोडल्या की फ्लेक्स पडला असता. पण त्यावर दादांचं तोंड होतं, आणि माझंही होतं. मी बसून राहिलो. भीती वाटली, हे खरं. पण फोटो जाईल हेही वाटलं.

एकशे चौदाला गर्दीतून अबरार आला. त्याच्या हातात रेग्झिन कापायचं पातं होतं. त्यानं फ्लेक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडला आणि हारांसकट ओढून काढला. दादांच्या चेहऱ्याचे दोन भाग झाले. मग पोरं त्याच्यावर पडली. बंकटनं त्याचा उजवा हात पिरगळला आणि तो खाली पडल्यावर कोणीतरी त्या हातावर पाय दिला. हे सगळं मला समोरच्या काचेतून दिसत होतं. बाजूची काच वर होती.

एकशे दहा. शंभर. चौऱ्याण्णव. मी काटा बघत होतो.

दादांनी विचारलं, "तुमचा भाऊ ना ह्यो? कावून केलं असं?" मी म्हणालो, मत्सर.

१२ जानेवारी

अबरारचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मिस्त्रीचा उजवा हात.

चेहरा फाडल्याचा व्हिडिओ गावभर फिरतोय. बंकट सकाळी निरोप देऊन गेला. अबरारनं दादांच्या नव्या फ्लेक्ससमोर हात जोडून माफीचा व्हिडिओ करायचा, तोवर त्याच्या गॅरेजचं शटर उघडायचं नाही. दारात चार पोरं बसवलीत. हल्ली ही पद्धत आहे, आधी हात मोडायचा, मग तोच जोडायला लावायचा. अबरारनं निरोप्याला सांगितलं, इंजिनाची माफी मागून झाली असंल तर माझी घ्या.

हा महिना अम्माचा माझ्याकडे जेवायचा. तिनं ताटाला हात लावला नाही. मी म्हणालो, मी एकटा काय करणार होतो, तीस पोरं होती. ती आमच्या दखनीत म्हणाली, ते इथे मराठीत लिहितो.

"तू काच तरी खाली करायचीस."

मी तिचं ताट झाकून ठेवलं. दिवसभर गेज, रिंगा, तेलाचा पाइप, उशी, एक एक आठवत गेलं. मला स्वतःची लाज वाटते. पानाच्या तळाशी सल्ला आहे, हरभऱ्याला पाणी द्या.

१३ जानेवारी

दादांच्या ऑफिसात गेलो. बंकट होता, आणखी दहा-बारा जण होते.

मी म्हणालो, "दादा, फ्लेक्स फाडायचं माझ्या डोक्यातलं. मीच सांगून ठिवलतं, काटा एकशे दहाच्या वर गेला की फाड म्हणून. त्याचा नुसता हात होता."

दादा म्हणाले, "तुमी दोघं तर सहा वर्षं बोलत न्हाईत."

"अम्माकडून सांगितलतं."

"मंग मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमच्या तोंडाला पक्कड लावायची हिंमत झाली न्हाई."

हे एवढंच खरं बोललो. बाकी सगळं खोटं जितकं सहज निघालं तितकं हे निघालं नाही. दादा मूर्ख नाहीत. अबरारला माफी मागायला लावायची तर तो मागणार नाही आणि प्रकरण चिघळणार, निवडणूक तोंडावर, हे त्यांनी तिथेच मोजलं असणार. त्यांना एक माफी हवी होती. कोणाची, याला फार महत्त्व नव्हतं.

व्हिडिओ लगेच घेतला. बंकट दिग्दर्शक. पहिल्या वेळी हात छातीशी होते, कपाळापर्यंत न्या म्हणाला. दुसऱ्या वेळी चेहऱ्यावर पश्चात्ताप कमी पडला. तिसरा पास झाला. मी अल्ताफ मिस्त्री, बार्शी रोड, बीड, माझी चूक झाली. माझ्या इंजिनाचा व्हिडिओ निघेल तेव्हा निळा शर्ट घालायचा असं ठरवलं होतं. अंगावर ग्रीसचा होता.

मी परत येईपर्यंत पोरं उठली होती. संध्याकाळपर्यंत चाळीस हजार लोकांनी बघितला. शाईस्तानंही बघितला. ताटात एक अंडं जास्त वाढलं. गाडी टेम्पोत घालून पुण्याला नेली. पुढचं सगळं लॅपटॉपवाला बघणार आहे.

१९ जानेवारी

इंजिन पहिलं आलं. चारशे मीटर, अकरा पूर्णांक चार सेकंद. बंकटचा मोबाइल स्टेटस सगळं गाव बघतंय. मीही बघितला, नऊ वेळा. तिसऱ्या गिअरला आवाज जरासुद्धा फाटत नाही.

बार्शी नाक्यावर नवा फ्लेक्स लागलाय. दादा, करंडक, आणि खाली लॅपटॉपवाला. 'इंजिन निर्माते.' फोटो चार इंचांचा आहे. त्याच्यावर राग धरून उपयोग नाही. फोटो काढला तेव्हा तो तिथे होता, आम्ही इथे.

'आम्ही' लिहिलं. खोडत नाही.

२३ जानेवारी

सकाळी अम्मा भाजीची पिशवी घेऊन आली. पिशवी रिकामी होती. म्हणाली, पलीकडे बोलेरोचा गिअरबॉक्स उतरवायचाय, क्लच गेलाय, आणि उतरवायला कोणी नाही. मला कोणी बोलावलंय असं ती म्हणाली नाही. मी टॉर्क रेंच घेतला आणि रस्त्यावरून फिरून त्याच्या दारानं आत गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा.

अबरार खुर्चीत बसला होता, हात गळ्यात. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बबनरावांना म्हणाला, जॅक कुठं हाय ते त्यांला दाखवा. बबनरावांनी दाखवला. मग म्हणाला, आधी बॅटरीची वायर काढायला सांगा. बबनरावांनी तीन फुटांवरून मला सांगितलं. असं तासभर चाललं. बबनरावांना घाम फुटला होता, मी गाडीखाली निवांत होतो.

शेवटचा बोल्ट वर, हाताला लागेल पण दिसणार नाही अशा जागी असतो. मी चाचपडून पाना बसवला आणि जोर लावला. निघेना. आणखी जोर लावला.

"त्यो न्हाई, भाई. त्याच्या बाजूचा."

बबनराव पुढचं सांगायला खाली वाकले होते, ते तसेच राहिले.  पत्र्यावरून नाही, बबनरावांवरून नाही, सरळ माझ्या कानात आला आवाज. मला गाडीखालून बाहेर यायचं होतं, पण चेहरा ठीक नव्हता, म्हणून थोडा वेळ तसाच पडून राहिलो. मग पाना सरकवला.

बोल्ट बाजूचाच होता. मला ते आधी सुचलं नव्हतं.